अकरा पॉइंट आठ

पुरवणी जबाब

नाव : अनुपमा रंगराव सोनुने
वय : २१ वर्षे
व्यवसाय : शिक्षण, यंत्र अभियांत्रिकी शेवटचे वर्ष (सध्या इंटर्नशिप)
राहणार : देऊळघाट, ता. जि. बुलढाणा
दिनांक : २०/०२/२०२६, सकाळी ११.१० पासून

मी वर नाव दिलेली अनुपमा, आज कोणी बोलावलेले नसताना आपल्या पायाने ठाण्यात आले असून समक्ष सांगते ते असे की,

मी आई-वडिलांजवळ देऊळघाट येथे राहते. वडिलांची अडीच एकर बागायत आहे. मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी काढतात आणि बुलढाण्याच्या बाजारात स्वतः बसून विकतात. मी दिनांक ०५/०१/२०२६ पासून चिखलीच्या औद्योगिक वसाहतीत पडघान मोटर वर्क्स येथे इंटर्नशिप करते. मालक गजेंद्र पडघान, वय ३४. तेथे मालवाहू तीनचाकी इलेक्ट्रिक गाडीसाठी मोटर तयार करण्याचे काम चालते. विक्री सुरू नाही, नमुन्याच्या मोटरी करून तपासणे चालू आहे. मोटरची वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, भरून आली की ती मीटरने मोजायची, शीटवर आकडे लिहायचे आणि खाली सही करायची, हे माझे काम.

दिनांक १७/०२/२०२६ रोजी तेथे चाचणीच्या वेळी मोटर फुटून तेथील कामगार सहदेव तायडे, वय ३८, हे जखमी झाले. त्या दिवशी संध्याकाळी माझा जबाब झाला. त्यात मी सांगितले होते की आदल्या दिवशी मी मोटर मोजली तेव्हा ती मापात होती. ते खरे नाही. त्या खोट्यावरून मोटर भरणारे कारागीर पुंजाजी किसन झगरे, वय ६१, यांच्यावर संशय आला आहे. मी मोजून गेल्यानंतर त्यांनी मुद्दाम तारा बदलल्या, असे म्हणणे आहे. त्यांना परवा आणि काल चौकशीला बोलावून संध्याकाळी घरी सोडले. आज पुन्हा बोलावले असून दुपारनंतर अटक होईल असे मला कळले. त्यांनी नंतर काही बदलले नाही. ज्या कागदावरून हे सर्व उभे राहिले तो कागद मी लिहिला आणि मी तो खोटा लिहिला. दुपारच्या आत हे लिहून व्हावे म्हणून मी सकाळच्या पहिल्या एस.टी.ने निघाले.

आता पहिल्यापासून सांगते. पुंजाजी काका पस्तीस वर्षे चिखलीत शेतीपंपाच्या मोटरी भरतात. जळालेली मोटर पोत्यात घालून लोक त्यांच्याकडे मेहकर, देऊळगाव राजाकडूनही आणतात. नमुन्याच्या मोटरी हाताने भराव्या लागतात म्हणून गजेंद्र सरांनी दीड वर्षापूर्वी त्यांना कामावर घेतले. त्यांच्याकडे कारखान्याची एक चावी असते, कारण सकाळी सर्वांच्या आधी तेच येतात. चावी त्यांच्याकडे होती, हाही मुद्दा त्यांच्यावर लावला जात आहे असे समजले, म्हणून सांगते.

शेतीपंपाच्या कामात त्यांची एक पद्धत आहे. ज्याचे शेत डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, लांब असते तेथे विजेचा दाब कमी येतो, मोटर ओढत नाही, कण्हते आणि जळते. अशी मोटर आली की काका प्रत्येक गुंडाळीत एक-दोन वेढे कमी घेतात आणि तार जाड वापरतात. मग कमी दाबावरही मोटर पाणी ओढते. हे कोणी सांगायचे नसते. ते फक्त शेत कुठे आहे एवढे विचारतात. लोक त्यांना दुवा देतात.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आमची नमुन्याची गाडी सोयाबीनची पोती भरून राजूर घाटात नेली होती. मी, गजेंद्र सर, सहदेवदादा आणि काका होतो. वरच्या वळणावर गाडीने दम टाकला. सर तेव्हा म्हणाले, "चढावर ओढ कमी पडून राह्यली." काका मागे पोत्यांवर बसून ऐकत होते. पुढची मोटर भरताना त्यांनी दहाच्या जागी आठ वेढे घेतले आणि तार जाड घेतली. ड्रॉइंगमध्ये दहा आहे. त्यांनी ड्रॉइंग पाहिले होते. ओढ कमी म्हटल्यावर त्यांनी पस्तीस वर्षे जे केले तेच केले. यात चूक आहे, पण पाप नाही. हे वाक्य जबाबात बसत नसेल तरी लिहावे अशी विनंती आहे.

चूक कशी ते सांगते. आमच्या मोटरीत चुंबक असतात आणि बॅटरीचा दाब पक्का असतो. अशा मोटरीत वेढे कमी केले की त्याच दाबावर ती जास्त वेगाने फिरते. दहा वेढ्यांना मिनिटाला ४,८०० फेऱ्या, तर आठ वेढ्यांना ६,०००. आतले चुंबक ५,७०० फेऱ्यांपर्यंत धरून राहतील असा हिशोब होता. काकांना हे माहीत असण्याचे कारण नाही. मला होते. तिसऱ्या वर्षाला हा प्रश्न आठ मार्कांना आला होता आणि मला आठपैकी आठ होते.

दिनांक १६/०२/२०२६ सोमवारी दुपारी तीनच्या सुमारास काकांनी मोटर भरून माझ्या टेबलावर आणून ठेवली. तेव्हा ते जे म्हणाले ते शब्द मला पाठ आहेत, कारण चार दिवस ते डोक्यात फिरत आहेत. ते म्हणाले, "घे पोरी, मीटर लाव. मी माह्या हिशोबानं भरली. फरक दिसला तं सांगजो, उकलून देतो." माह्या हिशोबानं म्हणजे काय, हे मी विचारले नाही. मला वाटले ते नेहमीचे बोलणे आहे.

मी चार वाजून पाच मिनिटांनी मीटर लावले. मोटरीच्या तारेचा रोध मोजायचा असतो; तार कमी किंवा जाड असली की तो कमी येतो. ड्रॉइंगप्रमाणे तो १८.४ मिलिओहम यायला पाहिजे, थोडा इकडेतिकडे चालतो. मला ११.८ आला. तिन्ही जोड्या मोजल्या : ११.८, ११.९, ११.८. क्लिपा पुसून परत मोजल्या. तेच. मीटर बंद करून चालू केले. तेच. मी ते आकडे माझ्या कच्च्या वहीत पेन्सिलीने लिहिले.

मग मी जाऊन काकांना का सांगितले नाही, असे विचारले असता सांगते की, त्याच्या दोन आठवडे आधी, ०२/०२/२०२६ रोजी, एका मोटरीचे रीडिंग असेच चुकीचे आले होते. मी सरांना सांगितले, सरांनी मोटर उकलायला लावली. काकांचे चार तास गेले. नंतर कळले की मोटर चांगली होती, माझीच क्लिप ढिली होती. सर सर्वांसमोर म्हणाले, "कॉलेजात मीटर धरायले तरी शिकवते का बे तुमच्या?" सगळे हसले. काका हसले नाहीत. ते नुसते "होते" म्हणाले आणि परत भरायला बसले. मला त्यांच्या तोंडाकडे पाहवत नव्हते. म्हणून १६ तारखेला ११.८ आल्यावर मला पहिला विचार हाच आला की मी पुन्हा काहीतरी चुकवले. दुसऱ्यांदा चांगली मोटर उकलायला लावली तर मी येथे तोंड दाखवू शकणार नाही. एवढ्याशा रीडिंगपेक्षा मला माझी लाज मोठी वाटली.

चार वाजून चाळीस मिनिटांनी सरांनी ऑफिसातून आवाज दिला, "अनुपमा, शीट झाली का? उद्या अकराले पार्टी येऊन राह्यली." माझी बस पाच दहाची होती. मी शीट घेतली आणि रीडिंग बसवले.

रीडिंग बसवणे म्हणजे काय, असे विचारले असता सांगते की, कॉलेजात प्रॅक्टिकलला उत्तर आधीच माहीत असते. उपकरण जुने असते, त्यावर उत्तर येत नाही. मग आधी ग्राफ काढायचा आणि त्यावरून उलटे रीडिंग लिहायचे. सगळे करतात. सरांना माहीत असते, सरांनीही त्यांच्या वेळेला केलेले असते. त्यात एक हुशारी असते. अगदी तंतोतंत आकडा लिहायचा नाही, तो खोटा दिसतो. थोडा खाली, थोडा वर ठेवायचा. मी या कामात तरबेज होते. माझे जर्नल मुली उतरवून घ्यायच्या, मला पंचवीसपैकी पंचवीस पडायचे. त्याच सवयीने मी शीटवर १८.२, १८.५ आणि १८.३ लिहिले. १८.४ मुद्दाम कुठेच लिहिले नाही. खाली पूर्ण नावाने सही केली. दोन मिनिटेही लागली नाहीत. मी हे अभिमानाने सांगत नाही. फक्त कसे केले ते सांगते.

निघताना काका दाराशी हात धूत होते. त्यांनी विचारले, "हाय न मापात?" मी "हो काका" म्हटले. ते "बरं झालं" म्हणाले. मग मी बस पकडली.

दिनांक १७/०२/२०२६ मंगळवारी सकाळी मोटर चाचणीच्या बाकावर लावली. तिला पुढे एक जड चाक जोडलेले असते, सभोवती लोखंडी जाळी असते. उष्णता मोजायची तार आत घालण्यासाठी जाळीला पंजाएवढी मोकळी जागा ठेवलेली आहे. बंद करण्याचे लाल बटणही त्याच बाजूला आहे. ते दुसऱ्या बाजूला पाहिजे, असे सहदेवदादा जानेवारीत सरांना एकदा म्हणाल्याचे मी ऐकले आहे. मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये वेगाची मर्यादा टाकायची असते, तीही टाकलेली नव्हती. ते काम कोणाचे, हे आमच्या शीटवर कुठे लिहिलेले नाही. हे मी माझा दोष कमी व्हावा म्हणून सांगत नाही. विचारले म्हणून सांगते.

अकरा पंचवीसला सुरू केले. सहदेवदादांच्या हातात वेगाची खुंटी होती, मी पडद्यावरचे आकडे मोठ्याने वाचत होते. सर मोटर पाहायला आलेल्या पार्टीसोबत ऑफिसच्या काचेआड उभे होते. तीन हजार. चार हजार. चार हजार पाचशे. खुंटी शेवटपर्यंत गेली तेव्हा आकडा ४,८०० वर थांबायला पाहिजे होता. तो थांबला नाही. मी ५,१०० वाचले. सहदेवदादांनी माझ्याकडे पाहिले. ते म्हणाले, "बरोबर वाचून राह्यली न?" त्याच क्षणाला मला समजले. ११.८ का आले, माह्या हिशोबानं म्हणजे काय, सगळे एकदम समजले. पडद्यावर ५,४०० झाले, ५,६०० झाले, आणि मग मी बंद करा, बंद करा, असे ओरडले. किती सेकंद गेले ते मला सांगता येत नाही. पडद्याची नोंद कंट्रोलरमध्ये असते, ती काढून पाहावी. ती खोटी नसेल.

सहदेवदादांनी खुंटी मागे घेतली, पण जड चाक लगेच थांबत नाही. ते बटणाकडे वाकले. जाताना त्यांनी डाव्या हाताने मला मागे लोटले आणि "सरक मागं" म्हणाले. मग आवाज झाला. चुंबक सुटून मोटर जाम झाली, चाकाचा जोड तुटला आणि त्याचा तुकडा त्या मोकळ्या जागेतून बाहेर आला. त्यांच्या उजव्या डोळ्याला आणि गालाच्या हाडाला लागला. मला खरचटलेही नाही. जेथे मी उभी होते तेथेच ते पडले.

त्या डोळ्याने पुन्हा दिसेल असे डॉक्टर सांगत नाहीत, हे मला त्यांच्या पत्नी धम्मशीला यांनी फोनवर सांगितले. मी अजून त्यांना पाहायला गेले नाही. भीती वाटते.

त्याच संध्याकाळी सहा वाजता माझा पहिला जबाब झाला. तेव्हा माझ्यावर कोणाचा दबाव नव्हता. साहेबांनी विचारले, आदल्या दिवशी मोटर तपासली होती का? मी हो म्हटले. मापात होती का? मी हो म्हटले. शीट पुढे होती, तीवर तेच होते. घरी जाताना बसमध्ये मी कच्च्या वहीतले १६ तारखेचे पान फाडले. खिडकीतून टाकणार होते. टाकले नाही. डब्यात पोळीच्या फडक्याखाली ठेवले.

दिनांक १८/०२/२०२६ रोजी पंचांसमोर फुटलेली मोटर उघडली आणि आठ वेढे निघाले. माझ्या शीटप्रमाणे सोमवारी दुपारी ती दहा वेढ्यांची होती. मग वेढे कमी झाले ते सोमवारी संध्याकाळनंतरच, आणि चावी काकांकडे, असा अर्थ निघाला. त्यात एक जुने बोलणे पुढे आले. जानेवारीच्या शेवटी सर म्हणाले होते की पुढच्या वर्षी वाइंडिंगची मशीन आणू. काका तेव्हा रागाने सर्वांसमोर म्हणाले होते, "मले मशीन दाखवता? आना मशीन. पाहू कशी फिरते तुमची मोटर." हे ते म्हणाले, मी ऐकले आहे. पण अर्ध्या तासाने तेच सरांच्या टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवून आले, हेही मी पाहिले आहे. ते कोणी सांगितले नसेल म्हणून सांगते.

काकांना विचारल्यावर त्यांनी आठ वेढे आपणच घेतले हे लगेच कबूल केले, असे समजले. पण आपण ते सोमवारी दुपारच्या आधीच घेतले होते, या त्यांच्या म्हणण्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, कारण शिकलेल्या मुलीचा सहीचा कागद दुसरे सांगत होता.

काल, १९/०२/२०२६, शिवजयंतीची सुट्टी होती. सकाळी दहा वाजता गजेंद्र सर आमच्या घरी आले. त्यांना माझे खोटे माहीत नव्हते. अजूनही हा जबाब होईपर्यंत माहीत नसेल. ते वडिलांसमोर म्हणाले, "सगळं तुह्या शीटवर उभं हाय अनुपमा. ठाम राह. पुंजाजी असं करीन असं मले सपनातही वाटलं नव्हतं." त्यांचे डोळे भरून आले होते. सर वाईट माणूस नाहीत. मग म्हणाले की कच्ची वही असेल तर तीही ठाण्यात दे, दोन्ही जुळले की प्रश्न मिटला. मी वही सापडत नाही असे सांगितले. हे माझे चौथे खोटे. जाताना ते जूनपासून कामावर ये म्हणाले. आईने त्यांना चहा दिला. वडिलांनी गल्लीपर्यंत पोचवले. आमच्या घरातून पगारावर जाणारी मी पहिली झाले असते.

दुपारी तीन वाजता काकांच्या पत्नी पुष्पाबाई आल्या. रस्त्यावर मिरवणुका होत्या, चिखलीहून यायला त्यांना अडीच तास लागले. डीजेचा आवाज घरात येत होता म्हणून त्यांना मोठ्याने बोलावे लागत होते. त्या म्हणाल्या, "ताई, तुमच्या कागदावर मोटर मापात हाय म्हनते. मंग तेवढंच सांगा न सायबाले, का आमच्या मानसानं मापात भरली होती. तुमचा कागद असल्यावर त्यायले कोन काय करन?" त्यांना तो कागद आधार वाटत होता. तोच कागद त्यांच्या नवऱ्याला बुडवत होता, आणि ते त्यांना समजावून सांगण्याची माझी हिंमत झाली नाही. मी "सांगते" एवढेच म्हटले. त्या माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटे मोडून गेल्या. वडिलांनी त्यांना मेथीच्या दोन जुड्या दिल्या.

त्या गेल्यावर वडिलांनी दार लावले. ते म्हणाले, "मी तीस वर्स तराजू धरला. मानूस कवा नजर खाली घालते ते मले समजते. तू कागदात काटा मारला काय?" मी हो म्हटले आणि डब्यातून पान काढून दिले. त्यांना त्यातले काही वाचता येत नाही. त्यांनी ते उलटसुलट पाहिले आणि परत दिले. आधी ते म्हणाले, "गप राह्य. तुह्या नोकरीचं होऊ दे, मंग पाहू." थोड्या वेळाने म्हणाले, "नाई, तसं नोको करू." मग ते मळ्यात गेले. रात्री जेवले नाहीत. आज सकाळी मी चपला घातल्या तेव्हा तेही टोपी घालून उभे होते. ते बाहेर बसले आहेत. त्यांना यातले पूर्वी काही माहीत नव्हते.

आज सकाळी साडेदहाला मी ठाण्यात आले तेव्हा काका व्हरांड्यातल्या बाकावर होते. मांडीवर डब्याची पिशवी होती. मला पाहून त्यांनी सरकून जागा केली. मला वाटले ते रागावतील. त्यांनी हळू आवाजात विचारले, "पोरी, एक सांग. मापात होती न ते? मले झोप नाही. मले वाटते माह्याच हातानं कुठी गफलत झाली."

मी म्हटले, "नव्हती काका. मला दिसलं होतं. मी खोटं लिहिलं."

त्यांनी पिशवी मांडीवरून बाकावर ठेवली. मग म्हणाले, "मंग मले काऊन नाही सांगलं? मी उकलून देल्ली असती. चार घंट्याचं तं काम होतं."

ते पुढे "सहदेवचा डोळा गेला ना बे" एवढे म्हणाले. ते कोणाला म्हणाले ते कळले नाही. मी उठून आत आले.

माझा जबाब लिहून घेणाऱ्या महिला हवालदार सुचिता जवंजाळ मॅडम यांनी मला दोनदा थांबवून विचारले की, हे लिहिल्यावर उद्या माझ्यावरही कारवाई होऊ शकते, कॉलेजला कळू शकते, हे मला समजते का. मला समजते. घरच्यांशी बोलायचे आहे का, असेही विचारले. वडील बाहेर आहेत, बोलणे झाले आहे. मला कोणी धमकावलेले नाही, आमिष दाखवून येथे आणलेले नाही. पुंजाजी झगरे माझे नातेवाईक नाहीत. त्यांचा दोष आठ वेढ्यांचा आहे आणि तो त्यांनी माझ्या मीटरच्या भरवशावर केला होता. मीटरने आपले काम केले होते. पुढचे मी केले.

मी सोबत कच्ची वही आणि तिच्यातून फाडलेले १६/०२/२०२६ चे पान हजर करत आहे. फाटलेली कड वहीतल्या कडेशी जुळवून पाहावी. पानावर पोळीच्या तेलाचा डाग आहे, पण आकडे वाचता येतात. तेच मीटर कारखान्यात माझ्या टेबलाच्या खणात आहे. फुटलेल्या मोटरीची वाइंडिंग जेवढी शाबूत असेल तेवढी दुसऱ्या कोणाकडून मोजून घ्यावी. मला मोजायला लावू नये.

हा जबाब संगणकावर लिहून झाल्यावर मॅडमनी मला तो मोठ्याने वाचून दाखवला. मीटर लावल्याच्या परिच्छेदात माझे रीडिंग "साधारण १२" असे आले होते. मी त्यांना तेथे थांबवले. त्या म्हणाल्या, "बाराच झालं न ताई, कितीसा फरक?" त्या चांगल्या भावनेने म्हणाल्या, दुपारचा एक वाजत आला होता. मी तेथे ११.८ लिहून घेतले, त्यापुढचे दोन्ही आकडे पानावरून पाहून लिहून घेतले आणि पहिल्या ओळीपासून परत वाचायला सांगितले. त्यांनी परत वाचला. मी सहीसाठी पेन काढले होते, परंतु पोलिसांपुढच्या अशा जबाबावर कायद्याने सही घेत नाहीत असे कळले.

हा जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे व मोजल्याप्रमाणे बरोबर आहे.